उणे चाळीस अंशांतली अंडी : कॅनडाच्या एका सरकारी मोजणी-सेवेचे परीक्षण

कॅनडाच्या केंद्र सरकारचे पर्यावरण खाते १९७५ पासून एक सेवा चालवत आले आहे. आर्क्टिकमधील प्रिन्स लिओपोल्ड बेटाच्या कड्यांवरून समुद्रपक्ष्यांची मोजकी अंडी उचलायची, ती दक्षिणेकडे प्रयोगशाळेत न्यायची, त्यांत डीडीटी, पीसीबी (विद्युत उपकरणांच्या तेलात वापरली गेलेली क्लोरिनयुक्त रसायने), ज्वालारोधके, पारा असे काय काय आणि किती साचले आहे ते मोजायचे आणि उरलेला ऐवज गोठवून ठेवायचा, असे तिचे स्वरूप आहे. खर्च कॅनडाचा करदाता उचलतो; उपयोग मात्र टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम करारात सामील असलेल्या प्रत्येक देशाला होतो, आणि २००६ साली भारतानेही या कराराला मान्यता दिलेली असल्यामुळे आपणही या सेवेचे गिऱ्हाईक ठरतो. माझा स्वतःचा व्यवसाय द्राक्षे, डाळिंबे आणि भाजीपाला यांतील कीटकनाशकांचे अवशेष तपासण्याचा आहे. त्या बेटावर मी गेलेलो नाही. प्रसिद्ध झालेले अहवाल आणि शोधनिबंध, म्हणजे गिऱ्हाइकाच्या हाती जेवढे पडते तेवढेच, समोर ठेवून हे परीक्षण लिहिले आहे.

प्रिन्स लिओपोल्ड बेट सॉमरसेट बेटाच्या ईशान्य टोकासमोर, सुमारे ७४ अंश उत्तर अक्षांशावर, लँकेस्टर साउंड या सामुद्रधुनीच्या पश्चिम टोकाशी उभे आहे. त्याचे कडे जवळजवळ सरळ पाण्यात उतरतात, उंची अडीचशे मीटरच्या आसपास भरते, आणि थराथराच्या खडकामुळे त्यांवर आडव्या, अरुंद कपारी तयार झाल्या आहेत. या कपारींवर उन्हाळ्यात मर, फुल्मार आणि किटिवेक पक्ष्यांची दाटी होते. एकट्या मर पक्ष्यांच्याच जोड्या लाखाच्या घरात जातात. बेटावर वस्ती नाही. जवळची वस्ती म्हणजे रेझोल्यूट, आणि तिथून हवाई मार्गाने येथे यावे लागते. बेटाला १९९२ पासून पक्षी अभयारण्याचा दर्जा आहे, त्यामुळे अंडे उचलायचे तर शास्त्रज्ञांनाही परवाना लागतो.

इतक्या लांबच्या बेटावर प्रदूषण मोजण्याचे कारण रसायनांच्या स्वभावातच आहे. डीडीटी किंवा पीसीबी यांसारखी रसायने उष्ण प्रदेशात हवेत मिसळतात, थंडाव्यात खाली उतरतात, पुन्हा उन्हाने वर उठतात आणि नाकतोड्यासारख्या उड्या घेत ध्रुवाकडे सरकतात. तिथे पोचल्यावर परत उठण्याइतकी ऊब त्यांना मिळत नाही. ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात, म्हणून प्लवकांतून माशांत आणि माशांतून पक्ष्यांत जाताना त्यांचे प्रमाण पायरीपायरीने वाढते. मादी अंडे घालते तेव्हा तिच्या अंगच्या चरबीबरोबर ती बलकात उतरतात. पाऱ्याची वाट वेगळी आहे: तो मेथिल पाऱ्याच्या रूपात प्रथिनांना चिकटून मुख्यतः अंड्याच्या पांढऱ्या भागात जातो. बलक आणि पांढरा भाग एकत्र घोटला, की दोन्ही वाटांनी आलेला माल एकाच बाटलीत हाती लागतो.

अवशेष तपासणाऱ्या माणसाला असा नमुना मिळणे ही चैन आहे. द्राक्षाचा घड तोडताना, पेटीत भरताना आणि गाडीतून आणताना त्याला कशाकशाचा स्पर्श झाला, याची हमी आम्ही कधीच छातीठोकपणे देऊ शकत नाही. अंड्याला मात्र निसर्गानेच वेष्टन घातलेले असते. पक्षी मारावा लागत नाही, घालण्याचा हंगाम ठरलेला असतो, नमुना नेहमी प्रजननक्षम मादीचाच असतो, आणि एका जातीच्या अंड्यांचे वजन व चरबीचे प्रमाण फारसे इकडेतिकडे होत नाही. एकच उणीव आहे, आणि ती मोठी आहे. मर पक्षी हिवाळा न्यूफाउंडलंड, लॅब्राडोर आणि ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळच्या समुद्रात काढतो. त्या काळात अंगावर चढलेली चरबी आणि तिच्यातला माल घेऊनच तो बेटावर येतो. अंड्यातल्या आकड्याचा किती भाग लँकेस्टर साउंडचा आणि किती अटलांटिकचा, हे नुसत्या मोजणीतून वेगळे करता येत नाही. मूळ निबंधांत ही गोष्ट स्पष्टपणे नोंदवलेली असते. शीर्षकात मात्र फक्त ‘कॅनडाचे आर्क्टिक’ उरते, आणि बातम्या शीर्षकावरूनच बनतात.

अंडी गोळा करण्याच्या पद्धतीला मी चांगले गुण देईन, पण दोन्ही पक्ष्यांना सारखे नाही. जाड चोचीचा मर, ज्याला आर्क्टिकचे मूळ रहिवासी असलेले इनुइट लोक अक्पा म्हणतात, हा साधारण किलोभर वजनाचा काळा-पांढरा पक्षी आहे. तो काडीकचरा न पसरता उघड्या खडकावर एकच अंडे घालतो. हे अंडे शंभर ग्रॅमच्या आसपास असते, एका टोकाला चांगलेच निमुळते असते, आणि त्याचा रंग निळसर हिरव्यापासून मळकट पांढऱ्यापर्यंत कुठलाही असू शकतो; त्यावर काळ्या-तपकिरी रेघोट्या आणि ठिपके इतके वेगवेगळे असतात की शेजारच्या दोन माद्यांची अंडी सहसा एकमेकांसारखी दिसत नाहीत. हंगामाच्या सुरुवातीला अंडे गेले, तर मादी साधारण दोन आठवड्यांनी दुसरे घालते. म्हणजे मोजणीसाठी उचललेल्या अंड्याची भरपाई बऱ्याच अंशी होते. फुल्मारचे तसे नाही. त्याचेही अंडे एकच असते, पण ते गेले की त्या जोडीचे ते सबंध वर्ष वाया जाते. हा पक्षी दीर्घायुषी आहे आणि वसाहत मोठी आहे, त्यामुळे वर्षाला पंधरा अंड्यांनी तिचे काही बिघडत नाही, हे मान्य. तरीही दोन पक्ष्यांकडून एकाच मापाने अंडी घेताना एकाकडून उसने घेतले जाते आणि दुसऱ्याकडून कायमचे, हा फरक माहितीपत्रकांत ठळकपणे यायला हवा. फुल्मार स्वतः मात्र हा फरक विसरू देत नाही: जवळ येणाऱ्यावर तो पोटातले दुर्गंधी तेल नेम धरून उडवतो, आणि त्या तेलाचा वास कपड्यांतून सहजासहजी जात नाही.

ठरलेली पद्धत साधारण अशी आहे, की प्रत्येक जातीची पंधरा अंडी घ्यायची आणि तीन-तीन अंड्यांचे पाच गट करून प्रत्येक गट एक नमुना म्हणून तपासायचा. अंड्याचे वजन, लांबी व रुंदी नोंदवतात, कवच मधोमध कापतात, आतला ऐवज द्रावकाने धुतलेल्या काचेच्या भांड्यात काढून एकजीव करतात आणि त्याचे छोटे भाग कुप्यांत भरतात. पुढचे काम आमच्या क्षेत्रातल्या कोणालाही ओळखीचे वाटेल: द्रावकाने चरबीसकट रसायने ओढून घ्यायची, चरबी वेगळी करायची, अर्क स्तंभातून गाळून स्वच्छ करायचा, मग वायू वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापी यांच्या जोडयंत्रावर एकेक संयुग ओळखून मोजायचे. चरबी वेगळी करणे हा यातला सर्वांत कटकटीचा टप्पा आहे. द्राक्षात चरबी नावालाच असते, त्यामुळे आमचे निभावून जाते. अंड्याचा अर्क नीट साफ झाला नाही, तर यंत्राचा स्तंभ तेलकट होतो आणि यंत्राच्या आलेखात एकेका संयुगामागे उठणाऱ्या शिखरांपैकी लहान शिखरे मोठ्यांच्या पायथ्याशी बुडून जातात. पीसीबी हे तर एक रसायन नसून दोनशे नऊ भावंडांचे कुटुंब आहे, आणि त्यांतली कित्येक शिखरे एकमेकांना खेटून येतात. म्हणूनच १९७५ च्या काळातील उपकरणांवर निघालेला पीसीबीचा आकडा आजच्या आकड्याशेजारी जसाच्या तसा ठेवता येत नाही.

गट करण्याच्या पद्धतीवर माझा आक्षेप आहे. तीन अंडी एकत्र केली, की खर्च वाचतो आणि सरासरी स्थिर येते, पण एखाद्या मादीच्या अंड्यात इतरांच्या कितीतरी पट माल असेल तर ती सरासरीत लपते. दीर्घकालीन कल पाहणाऱ्याला याने फरक पडत नाही. पक्ष्यांच्या आरोग्याचा विचार करणाऱ्याला पडतो, कारण धोका सरासरी मादीला नसतो, टोकाच्या मादीला असतो. शिवाय पाचच आकडे हाती असताना एका वर्षातून दुसऱ्या वर्षात झालेली वाढ किंवा घट हा नुसता योगायोगही असू शकतो. दहा-पंधरा वर्षांची रांग असल्याशिवाय तिच्यावर बोलू नये.

या सेवेची खरी ताकद मोजणीनंतर उरलेल्या कुप्यांत आहे, आणि माझ्या मते तिच्या गुणांपैकी निम्मे गुण एवढ्यासाठीच द्यायला हवेत. ओटावातील कार्लटन विद्यापीठाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय वन्यजीव संशोधन केंद्राकडे नमुन्यांची पेढी आहे, आणि तिथे १९७५ पासूनची अंडी उणे चाळीस अंशांवर किंवा त्याहूनही थंड तापमानात राखलेली आहेत. नवी पद्धत आली, किंवा एखादे नवे रसायन संशयित ठरले, की जुन्या कुप्या बाहेर काढायच्या आणि पन्नास वर्षांची सर्व अंडी एकाच प्रयोगशाळेत, एकाच यंत्रावर, एकाच पद्धतीने तपासायची, ही सोय त्यामुळे होते. यंत्र बदलल्याने आकडा बदलला की समुद्र बदलल्याने, हा प्रश्न मग उरत नाही.

ही सोय नसली तर काय होते, हे आपल्याकडच्या द्राक्ष बागायतदारांनी २०१० साली अनुभवले आहे. त्या हंगामात युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढनियंत्रक सापडले. ते वापरात वर्षानुवर्षे होते, पण आपल्या निर्यात-तपासणीच्या यादीत नव्हते. यादीत नव्हते म्हणून कोणी शोधले नव्हते, आणि शोधले नव्हते म्हणून ते ‘नाही’ असे सगळे धरून चालले होते. पुढे यादीत त्याचा समावेश झाला, परंतु आधीच्या हंगामांत ते किती होते हे सांगायला मागची द्राक्षे कोणी गोठवून ठेवलेली नव्हती. अंड्यांच्या बाबतीत तो मार्ग खुला आहे. ज्वालारोधक म्हणून फर्निचरच्या फोममध्ये आणि विद्युत उपकरणांत वापरली जाणारी पॉलिब्रोमिनेटेड डायफिनाइल ईथर ही संयुगे १९७५ साली कोणी शोधत नव्हते. पुढे शंका आल्यावर जुन्या कुप्या तपासल्या गेल्या, आणि या संयुगांचे प्रमाण सत्तरच्या दशकापासून २००३ च्या सुमारापर्यंत वाढत गेले, नंतर उत्पादन बंद होत गेल्यावर उतरू लागले, हे सगळे एका रेषेत दिसले. डाग न पडणाऱ्या कापडांत व चिकटू न देणाऱ्या भांड्यांच्या निर्मितीत वापरलेल्या फ्लोरिनयुक्त संयुगांचेही तसेच झाले: १९७५ ते २०११ या काळातील अंडी तपासणारा बिर्गिट ब्राउने आणि रॉबर्ट लेचर यांचा निबंध २०१३ साली आला, आणि लांब साखळीची परफ्लुओरोकार्बोक्झिलिक आम्ले मर आणि फुल्मार या दोघांच्याही अंड्यांत वाढत गेल्याचे त्यात दिसले.

जुन्या, बंदी आलेल्या रसायनांबाबत सेवेचा निष्कर्ष दिलासा देणारा आहे. पीसीबी आणि डीडीटी यांचे प्रमाण या अंड्यांत १९७५ पासून सातत्याने घटत आले आहे. बंदी आणि अंड्यातली घट यांच्यामध्ये काही दशकांचे अंतर राहते, कारण आधीच समुद्रात गेलेला माल अन्नसाखळीत फिरत राहतो. पण घट होते, हे पन्नास वर्षांच्या आकड्यांनी दाखवून दिले आहे. या आकड्यांत एक आडवाट दिसते, आणि ती आपल्या वाचकांनी नीट पाहावी अशी आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, १९७५ ते २००३ या काळाच्या आढाव्यात बहुतेक क्लोरिनयुक्त रसायने उतरत असताना बीटा-एचसीएच मात्र वाढताना आढळले. एचसीएच म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांत वर्षानुवर्षे धुरळली गेलेली बीएचसी पावडर, जिला गॅमेक्झिनही म्हणत. तिच्यात कीटक मारणारा गॅमा घटक साधारण दहा-पंधरा टक्केच असे. बाकीचे अल्फा, बीटा वगैरे घटक किडीसाठी निरुपयोगी, पण पर्यावरणासाठी तितकेच चिवट. अल्फा हवेतून लवकर ध्रुवाकडे गेले. बीटा पाण्यात अधिक विरघळणारे, हवेत कमी उठणारे, त्यामुळे ते समुद्रप्रवाहांच्या संथ वाटेने, बेरिंगच्या सामुद्रधुनीतून, उशिरा पोचले. हवा मोजणाऱ्या केंद्रांवर एचसीएच कमी झाल्याचे दिसत असताना अंड्यांत त्याचाच एक घटक वाढत होता, हे अंड्यांशिवाय इतक्या स्पष्टपणे कळले नसते.

या पावडरीचा सर्वाधिक वापर करणाऱ्या देशांत चीनबरोबर भारत होता, आणि तांत्रिक एचसीएचवर आपल्याकडे १९९७ साली बंदी आली. डीडीटीचे उत्पादन तर रायगड जिल्ह्यातील रसायनी येथील सरकारी कारखान्यात कित्येक वर्षे झाले, आणि हिवतापाच्या डासांसाठी त्याच्या वापराला करारात सवलतही आहे. मात्र अमुक अंड्यातला कण अमुक कारखान्यातून आला, असे ही मोजणी सांगू शकत नाही. या आकड्यांवरून एखाद्या देशावर बोट दाखवणारा मजकूर वाचनात आला, तर तो सेवेचा निष्कर्ष नाही, असे खुशाल समजावे.

पाऱ्याच्या बाबतीत मात्र गिऱ्हाइकाने फार सावध राहावे. कच्चे आकडे सरळ वाचले तर मर आणि फुल्मार यांच्या अंड्यांतील पारा सत्तरच्या दशकापासून नव्वदच्या दशकापर्यंत चढत गेला आणि त्यानंतर बराचसा स्थिरावला, असे दिसते. ही रेषा पाहून हवेतला पारा स्थिरावला असा अर्थ काढणे घाईचे ठरेल, कारण पक्षी काय खातो त्यावर आकडा ठरतो, आणि पक्ष्याचे खाणे बदलले आहे. हडसन उपसागराच्या उत्तरेकडील कोट्स बेटावर, जिथे १९९३ पासून हीच मोजणी चालते, बर्फ लवकर वितळू लागल्यावर मर पक्ष्यांच्या आहारात आर्क्टिक कॉड हा मासा कमी झाला आणि कॅपेलिन हा मासा वाढला. कॅपेलिन अन्नसाखळीत खालच्या पायरीवर असल्यामुळे त्याच्यातून येणारा पारा कमी असतो. म्हणजे समुद्रात पारा तेवढाच राहिला, तरी अंड्यातला आकडा उतरू शकतो. नत्राच्या स्थिर समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या आणि जड अणूंच्या प्रमाणावरून, पक्षी कुठल्या पायरीवरचे खातो हे ठरवता येते, आणि ती दुरुस्ती लावली की पाऱ्याची रेषा वेगळी दिसते. ब्राउने यांच्या गटाने २०१४ साली हा मुद्दा दोन वसाहतींची तुलना करून मांडला. दुरुस्तीविना छापलेला पाऱ्याचा आलेख मी तेव्हापासून विश्वासार्ह मानत नाही, आणि सेवेने दोन्ही रेषा नेहमी शेजारी-शेजारी द्याव्यात असे सुचवेन. प्रत्येक नमुन्याचे समस्थानिक तपासायला जास्तीचे पैसे लागतात. पण ते वाचवले तर उरलेल्या मोजणीवर केलेला खर्चच अर्धा वाया जातो.

हस्तिदंती कुरव या पांढऱ्याशुभ्र पक्ष्याचा विषय या सेवेत छोटाच आहे, परंतु त्याचा उल्लेख टाळता येत नाही. कॅनडातील त्याची संख्या १९८० च्या दशकापासून साधारण ऐंशी टक्क्यांनी घटली. कॅनडाच्या आर्क्टिकमधील सेमूर बेटावरून १९७६, १९८७ आणि २००४ साली घेतलेल्या त्याच्या अंड्यांत पारा इतका निघाला की आर्क्टिक समुद्रपक्ष्यांच्या अंड्यांत नोंदलेल्या सर्वोच्च पातळ्यांत त्याची गणना झाली. घटीचे कारण पाराच, असे म्हणण्याइतका पुरावा नाही, आणि संशोधकांनीही तसे म्हटलेले नाही. तीनच वर्षांची अंडी असूनही जे दिसले ते केवळ १९७६ सालची अंडी कोणीतरी जपून ठेवली म्हणून दिसले.

फुल्मारच्या अंड्यांत अलीकडे प्लास्टिकमधील पूरक रसायने शोधली जाऊ लागली आहेत. हा पक्षी पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगणारे जे मिळेल ते गिळतो, त्यामुळे त्याच्या पोटात प्लास्टिकचे तुकडे सापडतात हे बरेच आधीपासून ठाऊक होते. याच बेटावरील अंड्यांत प्लास्टिकला ऊन लागू नये म्हणून मिसळली जाणारी द्रव्ये आणि प्लास्टिक मऊ करणाऱ्या थॅलेट गटातील संयुग आढळल्याने प्रश्न पिल्लापर्यंत जाऊन पोचला. तपासलेली अंडी फार थोडी आहेत. शिवाय थॅलेट हे प्रयोगशाळेतील नळ्या, हातमोजे, झाकणे यांतूनही नमुन्यात शिरते, आणि कोरा नमुना, म्हणजे अंडे न घालता केलेली तीच तपासणी, स्वच्छ येईपर्यंत आमच्यासारख्यांचा जीव मेटाकुटीला येतो. म्हणून या निष्कर्षाकडे मी सध्या सूचना म्हणून पाहतो.

इतर देशांच्या अशाच सेवांशी तुलना केली तर अलास्कामधील अमेरिकन प्रकल्प साठवणुकीत सरस आहे. १९९९ साली सुरू झालेल्या या प्रकल्पात मर आणि कुरव यांची अंडी साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे द्रवरूप नायट्रोजनच्या वाफेत, उणे दीडशे अंशांवर ठेवली जातात, आणि अंडी गोळा करण्यात स्थानिक समाजांचा सहभाग आहे. त्याच अंड्यांतील पाऱ्याच्या समस्थानिकांवरून समुद्रावरील बर्फाचे आवरण आणि सूर्यप्रकाशाने होणारे मेथिल पाऱ्याचे विघटन यांचा संबंध २०११ साली दाखवला गेला. या कामाला तोड नाही. मात्र त्यांची रांग कॅनडाहून चोवीस वर्षांनी उशिरा सुरू होते, आणि ती वर्षे आता कुठल्याही पैशांनी विकत घेता येत नाहीत. नॉर्वे आपल्या स्वालबार्ड आणि ब्योर्नोया या आर्क्टिक बेटांवर मोजणी करतो, पण बरीच वर्षे मध्ये सोडून. स्वालबार्डमधील न्यू-ओलेसुंड येथे २००८ पासून भारताचे हिमाद्री केंद्र आहे आणि ते गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र चालवते. अशा अंड्यांच्या मोजणीत भागीदारी करण्यासाठी आपल्या शास्त्रज्ञांना याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

तक्रारी सांगायच्या तर पहिली एककांची. पारा कोरड्या वजनावर, क्लोरिनयुक्त रसायने कधी ओल्या वजनावर तर कधी चरबीच्या वजनावर, असे आकडे येतात. प्रत्येक निवडीमागे शास्त्रीय कारण असते, परंतु दोन निबंधांतील तक्ते शेजारी ठेवून पाहणाऱ्याला आधी ओलावा आणि चरबीची टक्केवारी शोधत बसावे लागते. प्रत्येक तक्त्याखाली रूपांतराला लागणारे दोन स्तंभ छापले, तर हा त्रास वाचेल. दुसरी तक्रार उशिराची. अंडे कपारीवरून उचलल्यापासून त्याचा आकडा छापून येईपर्यंत तीन-चार वर्षे सहज जातात, आणि तोवर कुठल्या रसायनावर काय निर्णय घ्यायचा ते बहुधा ठरून गेलेले असते. तिसरी तक्रार भाषेची आहे. आर्क्टिकमधील इनुइट लोक समुद्रपक्ष्यांची अंडी खातात, आणि उत्तरेकडील प्रदूषकांचा जो सरकारी कार्यक्रम १९९१ साली सुरू झाला, त्यामागे त्यांच्या पारंपरिक अन्नाविषयीची चिंताच होती. स्टॉकहोम कराराच्या प्रस्तावनेतही आर्क्टिकमधील आदिवासी समाजांचा उल्लेख आहे. अशा वेळी हंगामात अंडी आणणाऱ्या कुटुंबाला ‘हे अंडे खावे की नाही’ याचे थेट उत्तर अहवालाच्या पहिल्या पानावर मिळायला हवे. ते शोधायला तक्त्यांच्या जंगलातून जावे लागते.

या सगळ्याचा हिशेब करून मी या सेवेला पाचपैकी चार गुण देतो. कापलेल्या गुणातला मोठा वाटा गटांत मिसळलेल्या अंड्यांचा आणि पाऱ्याच्या दुरुस्ती न केलेल्या रेषांचा आहे. नमुने जपण्यात मात्र खोट काढायला मला जागा सापडली नाही. ज्यांना अहवाल स्वतः चाळायचे असतील त्यांनी उत्तरेकडील प्रदूषक कार्यक्रमाच्या वार्षिक संशोधन-सारांशापासून सुरुवात करावी. तो विनामूल्य मिळतो. त्यात आधी नमुन्यांची संख्या पाहावी, मग एकक पाहावे, आणि त्यानंतरच आलेखाकडे वळावे.

२०२५ च्या बैठकीत स्टॉकहोम कराराच्या यादीत ज्या नव्या नावांची भर पडली, त्यांत लांब साखळीची तीच परफ्लुओरोकार्बोक्झिलिक आम्ले आहेत जी या अंड्यांत वाढत असल्याचे २०१३ सालीच छापून आले होते. त्याच यादीत क्लोरपायरीफॉसही आले आहे. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे नाव समजावून सांगावे लागत नाही. कापूस, ऊस, वाळवी, कशासाठीही दुकानदार त्याचाच डबा पुढे करत आला आहे, आणि काही वापरांना करारानेही तूर्त सूट दिली आहे. बलकात ते उतरते का, कधीपासून उतरते आणि किती, हे पाहायला लागणाऱ्या १९७५ पासूनच्या कुप्या ओटावात तयार आहेत. पुढच्या अहवालाच्या तक्त्यात त्या नावाचा एक स्तंभ असावा, अशी या गिऱ्हाइकाची मागणी आहे, आणि निकाल ‘आढळले नाही’ असा आला तरी तो किती बारकाईने शोधून आला, ती मर्यादा शेजारी छापावी.